कॉलेजची वाट कोणाच्या हद्दीत?

(कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुली, त्यांच्या आया आणि आसपासच्या गावांतील महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांचा मेळावा दिवाळीनंतर मुरुड येथे झाला. त्यात एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागे बसून एकमेकींच्या कानात बोलणाऱ्या मुलींनो,

‘पहिल्या सेमिस्टरने मला काय शिकवलं’ या विषयावर मी बोलावं असं संयोजक तायांनी सांगितलं आहे. मुलींनो, तुमचं पहिलं सेमिस्टर नुकतंच संपलंय. निकाल अजून लागायचा आहे, तेव्हा आज सगळ्याजणी पास आहात असं धरूनच मी बोलते. (हशा)

मी इथलीच, एकदऱ्याच्या कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकते. मी २०११ च्या जूनमध्ये एफ. वाय. बी. कॉम.ला गेले. मुंबई विद्यापीठाने त्याच वर्षी पहिल्या वर्षाला सेमिस्टर पद्धत आणली. त्याआधी परीक्षा वर्षातून एकदा असायची. वाड्यात कॉलेज केलेल्या एक-दोन ताया होत्या, पण त्यांना विचारावं तर त्या म्हणायच्या, ‘आमच्या वेळी असं नव्हतं गो.’ चार महिन्यांत परीक्षा, लेखीला ६० गुण आणि उरलेले ४० कॉलेजच्या हातात, हे आम्हाला कळेपर्यंतच ऑगस्ट उजाडला.

पहिला धडा पैशाचा मिळाला. कॉलेजचे प्रवेश जूनमध्ये असतात. जूनमध्ये आपल्या होड्या कुठे असतात? किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. पावसाळ्यातली मासेमारी बंद, घरात नवा पैसा नाही, आणि नेमकी तेव्हाच फी, पुस्तकं, गाडीचा पास. माझ्या आईने उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकट आणि बोंबील विकून माझा प्रवेश घेतला. पावसाळ्यात घरात खायला म्हणून ठेवलेलं ते होतं. फी हप्त्याने घेता का, हे आम्ही कॉलेजात विचारलं असतं तर बरं झालं असतं. विचारता येतं हेच माहीत नव्हतं. हप्ता मागणं म्हणजे भीक मागणं असं मला वाटायचं.

२०२४ साली राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठराविक प्रवर्गांच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं झालं. ज्यांना लागू आहे त्यांनी हक्काने घ्यावी. पण फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं असं नाही. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. म्हणजे घरापासून सगळ्यात लांब जायची वेळ येते तेव्हाच तो संपतो. पुढे सवलतीचा पास मिळतो, पण महिन्याच्या महिन्याला पैसे काढावेच लागतात. घरात भाऊ-बहीण दोघं शिकणारी असतील तर कोणाचा पास आधी निघतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा धडा भाषेचा. मी दहावीपर्यंत मराठीतून शिकले होते. कॉलेजात अकाउंट्सचा पहिला तास झाला. सर फळ्यावर ‘डेबिट’, ‘क्रेडिट’ लिहीत होते आणि सगळं इंग्रजीत सांगत होते. मला एक अक्षर कळलं नाही. मी खाली मान घालून फळ्यावरचं वहीत उतरवत राहिले. महिनाभर रोज हेच. शेवटी राजपुरीकडची एक मुलगी, माझ्याच बाकावर बसायची, ती म्हणाली, ‘अगं, डेबिट म्हणजे नावे आणि क्रेडिट म्हणजे जमा.’ मला हसावं की रडावं कळेना. माझी आई पहाटे लिलावात उधारीवर माल उचलते, बाजारात विकते, संध्याकाळी उधारी फेडते. कोणाचे किती नावे आणि कोणाचे किती जमा, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. तिला लिहिता येत नाही. म्हणजे मला विषय येत होता, फक्त त्या विषयाचं कॉलेजातलं नाव माहीत नव्हतं. आणि मी महिनाभर स्वतःला ढ समजत होते.

आमच्या वर्गात कोर्लईची एक मुलगी होती. कोर्लईच्या ख्रिश्चन वस्तीत घराघरांत पोर्तुगीजातून झालेली एक वेगळीच बोली बोलतात. पोर्तुगीज तिथून १७४० साली गेले, बोली राहिली. ती मुलगी घरी ती बोली बोलायची, शाळेत मराठी शिकली, आणि आता इंग्रजी. मी एका भाषेसाठी रडत होते, तिची तिसरी चालली होती. तिने मला सांगितलं, ‘पहिल्यांदा मराठी शाळेत गेले तेव्हापण असंच वाटलं होतं. सहा महिने लागतात.’ हे जर कोणी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं!

पुण्यामुंबईचे लोक मुरुड म्हटलं की विचारतात, ‘कर्व्यांचं मुरुड का?’ महर्षी कर्व्यांचं मुरुड ते दापोलीकडचं, आपलं नव्हे. पण त्यांची आठवण इथे काढायलाच हवी. कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ काढलं तेव्हा तिथे मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं ठरवलं. इंग्रजी हा एक विषय. बाई आधी इंग्रजीत तयार होऊन येईल आणि मग शिकेल, अशी अट त्यांनी घातली नाही. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपल्या मुली अजून पहिलं सेमिस्टर ‘मी ढ आहे का’ या एकाच प्रश्नात घालवतात.

कर्व्यांची आणखी एक गोष्ट. मुलगे असताना ते आणि त्यांचे सोबती सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले. तिथे त्यांना, वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. ही गोष्ट आपण मुलांना जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मुलगी पन्नास किलोमीटर गाडीने रोज कॉलेजला जाते म्हटल्यावर काय म्हणतात? ‘एवढं लांब जायची गरज काय?’ वाट तीच, पण मुलाची असली तर जिद्द आणि मुलीची असली तर काळजी.

आता मला त्या वाटेबद्दलच बोलायचं आहे. पैशाचं आणि भाषेचं मी आजवर बऱ्याच ठिकाणी बोलले आहे. हे बोललेले नाही. ही गोष्ट माझी एकटीची नाही. जिची आहे तिला मी विचारलं. ती म्हणाली, ‘सांग, पण नाव घेऊ नको.’ म्हणून नाव घेत नाही.

आम्ही दोघी बरोबर बारावी झालो. तिचं घर वाडीतलं, नारळी-पोफळीचं. माझ्यापेक्षा हुशार. दोघींनी अलिबागच्या बाजूच्या एका कॉलेजात नाव घातलं. पहाटे साडेपाचला घर सोडायचो. नांदगाव, काशीद, बोर्ली, कोर्लई, मग साळावचा पूल ओलांडून रेवदंडा आणि पुढे. जायला दोन तास, यायला दोन तास. वाटेत बाईला जाण्यासारखी जागा नाही, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. कॉलेजला जाणाऱ्या किती मुलींना लघवीचा त्रास होतो, हे इथल्या आयांनी आपापल्या मुलींना आज घरी गेल्यावर विचारा.

ऑगस्टमध्ये वाटेतल्या एका थांब्यावर एक माणूस चढायला लागला. तिशीतला असेल. इस्त्रीचे कपडे, हातात बॅग. कोणी बघितलं तर चांगल्या घरचा म्हणेल. तो रोज येऊन तिच्याच सीटला खेटून उभा राहायचा. गर्दी नसली तरी. मी खिडकीशी असायचे, ती कडेला. पुढे आम्ही जागा बदलली, तर तो माझ्या बाजूला न येता मागच्या सीटवर बसून सीटच्या फटीतून हात घालायला लागला. तिने कंपासमधलं कर्कटक हातात धरून बसायला सुरुवात केली. अकाउंट्सला कर्कटक लागत नाही. ते त्याच्यासाठी होतं.

गणपती झाल्यावर एक दिवस ती मला म्हणाली, ‘आपण सांगूया का?’ मी विचारलं, ‘कोणाला?’ आम्ही दोघींनी बसून मोजलं. घरी सांगितलं तर कॉलेज बंद. कॉलेजात सांगितलं तर ते म्हणतील, गाडीतलं आम्ही काय करणार? गाडीत ओरडलो तर गावातली चार माणसं असतात, दुपारपर्यंत घरी पोचेल, म्हणजे पुन्हा कॉलेज बंद. पोलिसांत जायचं तर घरचं माणूस बरोबर लागेल असंच आम्हाला वाटत होतं. मग मी तिला म्हटलं, ‘तू सांगितलंस तर माझंपण बंद होईल.’ ती गप्प बसली. हे वाक्य मी बोलले होते. कोणी मला बोलायला लावलं नव्हतं.

पुढे त्याने तिचा कॉलेजच्या फाटकापर्यंत पाठलाग केला. गावातल्या कोणीतरी बघितलं आणि घरी बातमी गेली ती अशी की, पोरगी एका माणसाबरोबर फिरते. त्या रात्री तिचा भाऊ आमच्या घरी आला. माझ्या आईसमोर, वडिलांसमोर मला विचारलं, ‘तू रोज बरोबर असतेस. हिचं कोणाशी काही आहे का? ती म्हणते तो माणूस त्रास देतो.’ मी म्हटलं, ‘मला काही माहीत नाही.’

मला सगळं माहीत होतं. पण ‘त्रास देतो’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, ‘मग तुलापण देत असेल?’ माझं कॉलेज वाचवायला मी तिला खोटं पाडलं.

तिला ऑक्टोबरमध्ये काढलं. परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. पुढच्या वैशाखात लग्न झालं. मी परीक्षा दिली, पास झाले, आज तुमच्यासमोर कार्यकर्ती म्हणून उभी आहे.

आपण सावित्रीबाईंचं नाव घेतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल टाकत, आणि त्या बदलायला एक जास्तीचं लुगडं बरोबर नेत, हे आपण शाळेतल्या मुलींनाही सांगतो. पण ते शेण पडत होतं कुठे? वर्गात नाही, शाळेला जाण्याच्या वाटेवर. शाळेचं दार जोतीराव-सावित्रीबाईंनी उघडलं. वाट मोकळी करायचं काम अजून आपल्यावर आहे.

कायद्याचं बघा. भंवरीदेवीच्या प्रकरणातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली. आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि आम्ही दोघींनी तो शब्दही ऐकला नव्हता. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत एका शिकणाऱ्या मुलीवर बसमध्ये अत्याचार झाला, देशभर लोक रस्त्यावर आले, आणि २०१३ साली कायदे बदलले. पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही त्याच वर्षीचा. २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजांसाठी नियम केले. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, विद्यार्थ्यांचा प्रश्न असेल तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, आणि बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य हवा. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची. आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की मुलगी शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतः तक्रार देण्याच्या स्थितीत नसेल तर तिची मैत्रीणही देऊ शकते.

पण यात एक फट आहे. त्या नियमांत कॉलेजचं आवार म्हणजे काय ते सांगताना कॉलेजने पुरवलेली वाहनंही धरली आहेत. आपल्या मुली कॉलेजच्या बसने जात नाहीत. त्या सगळ्यांच्या गाडीने जातात. ती गाडी घराच्या हद्दीत नाही आणि कॉलेजच्याही हद्दीत नाही. तिथे फौजदारी कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाचं कलम ७५ आणि पाठलागाचं कलम ७८. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, गाडी तेव्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत होती हे मुलीने सांगत बसायची गरज नाही. मदतीसाठी ११२ नंबर. हे सगळं लक्षात ठेवा. पण मी तुम्हाला खरं सांगते, २०११ मध्ये हे सगळं असतं आणि आम्हाला पाठ असतं, तरी आम्ही गेलो नसतो. कारण त्या माणसाला शिक्षा होईल की नाही ते नंतर ठरणार होतं, आणि आमचं कॉलेज बंद होणार हे आधीच ठरलेलं होतं. सांगण्याची शिक्षा सांगणारीलाच होत असेल तर कोण सांगेल?

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी हे आईला सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आम्हाला काय ते नवीन हाय? पहाटे टेम्पोनं माल आणताना असली माणसं असायचीच. म्हणून आमच्यातली एकटी बाय कधी बसत न्हाय. टोपल्या कडेला, बाया मधे. एकीला कोणी हात लावला का सगळ्यांनी एकदम तोंड सोडायचं.’ मी म्हटलं, ‘आये, हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘तू शिकायला चाललेली. तुला असलं कशाला सांगायचं? आनि तू तरी मला कुठं सांगितलंस?’

तिच्याजवळ तोडगा होता. तो तिने लाजेपोटी माझ्यापासून लपवला, आणि मी माझा त्रास भीतीपोटी तिच्यापासून लपवला. मधल्यामध्ये एका मुलीचं शिक्षण गेलं.

दुसऱ्या सेमिस्टरला आम्ही वाटेतल्या सहा मुली एकत्र बसायला लागलो. कोर्लईची होती, नांदगावची होती. पहिली चढेल तिने पुढच्यांसाठी जागा धरायची, कोणीही एकटीने कडेला बसायचं नाही. तो माणूस एक दिवस जवळ आला तेव्हा सहाजणींनी एकदम वळून मोठ्याने विचारलं, ‘काय पाहिजे?’ पुन्हा तो दिसला नाही. एवढं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. सगळीकडे एवढ्याने भागत नाही. पण आम्ही ते चार महिने आधी केलं असतं तर आम्ही सात असतो.

दोन वर्षांपूर्वी ती मला बाजारात भेटली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘तू खरं सांगितलं असतंस तरी त्यांनी मला काढलंच असतं कदाचित. पण मी खोटी ठरले नसते.’ थोडं थांबून म्हणाली, ‘माझी पोरगी आता सातवीत आहे. तिला मी कॉलेजला पाठवणार. तेव्हा गाडीत कोण असेल तिच्याबरोबर?’

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी आज बोलले. आता थोडक्यात, काय करायचं ते.

इथल्या आयांना माझं सांगणं आहे की, आज घरी गेल्यावर मुलीला आधी तुमची गोष्ट सांगा. तुम्हाला वाटेत, बाजारात, गाडीत काय सोसावं लागलं ते. ते ऐकल्यावर ती तिचं सांगेल. आणि घरातल्या पुरुषांसमोर तिला शब्द द्या की, ‘काही झालं आणि तू सांगितलंस, तर कॉलेज बंद होणार नाही.’ तो शब्द पुरुषांनीही ऐकला पाहिजे, कारण मोडणारे बहुतेक तेच असतात.

मुलींनो, दुसरं सेमिस्टर सुरू झालं की पहिल्या आठवड्यात ऑफिसात जाऊन विचारा की तक्रार समितीत कोण कोण आहे. नावं वहीत लिहून घ्या. त्रास झाला तर तारीख, वेळ, गाडी, जागा लिहून ठेवा. न कळलेला शब्द बाजूच्या मुलीला विचारा, तिलाही न कळण्याची शक्यता आहे, मग दोघी मिळून सरांना विचारा. आणि कोणी तुमच्या मैत्रिणीबद्दल विचारायला तुमच्या दारात आलं, तर माझ्यासारखं करू नका.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, आपण मार्चमध्ये महिला दिन करतो, जानेवारीत सावित्रीबाईंची जयंती करतो. मुलगी गळते ती जून ते ऑक्टोबरच्या मधे. जूनमध्ये दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, फीचे हप्ते यासाठी आपल्यातली एक बाई कॉलेजच्या दारात बसली पाहिजे. श्रावणात आपण दोघी-तिघींनी पहाटेच्या गाडीने मुलींबरोबर काही दिवस जाऊन बघितलं पाहिजे. आणि परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत आली की कॉलेजात विचारायचं, कोणत्या मुलींनी फॉर्म भरला नाही? त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जायचं. निकालानंतर जाऊन उपयोग नाही, तोवर साखरपुडा झालेला असतो. शिवाय तक्रार समितीवर बाहेरच्या संस्थेची सदस्य हवी असं नियमच म्हणतो. आपल्या भागातल्या कॉलेजांत ती कोण आहे ते विचारा. नुसतं कागदावरचं नाव असेल तर ते काम आपण मागून घेऊ.

मी पहिल्या सेमिस्टरला पास झाले. अकाउंट्समध्ये मला ती असती तर तिच्याहून कमीच पडले असते. तिचं हॉल तिकीट ऑफिसात तसंच पडून होतं, ते मी बघितलं होतं. पुढच्या ऑक्टोबरमध्ये आपल्या तालुक्यातल्या एकाही मुलीचं हॉल तिकीट असं पडून राहू नये, एवढं आपण ठरवूया.

मी थांबते. आता तुम्ही बोला.